हजार शब्दांचे अर्थ पाठ आहेत, तरी वाक्यात शब्द बसत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर इंजिनिअरिंग, आता जीआरईची, म्हणजे परदेशी विद्यापीठांतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायच्या परीक्षेची तयारी. हाताशी हजार शब्दांची यादी आहे. प्रत्येक शब्दासमोर मराठी अर्थ, खाली एक इंग्रजी वाक्य. यादी दोनदा पाठ झाली. कुणी शब्द विचारला तर अर्थ लगेच सांगता येतो, पण प्रश्नातल्या गाळलेल्या जागी कुठला शब्द बसेल ते ठरत नाही, आणि स्वतः लिहायला घेतलं की 'गुड', 'बिग', 'इम्पॉर्टंट' यांच्यापलीकडे काही सुचत नाही. म्हणून विचारलंय: अर्थ मराठीत लिहावा की इंग्रजी व्याख्या पाठ करावी, एका शब्दाला किती वाक्यं हवीत, रोज किती शब्द करावेत, आणि ही यादी टाकूनच द्यावी का.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना इंग्रजी शिकवणं हेच माझं काम, आधी लातूरला आणि आता पुण्यात. त्यामुळे पहिली गोष्ट ठामपणे सांगते: तुमच्या स्मरणशक्तीत काही खोट नाही. हजार अर्थ दोनदा पाठ करणाऱ्याला पाठांतर जमतंच. राहून गेलंय ते शब्दाचं वागणं. तो कोणत्या शब्दांबरोबर येतो, कोणाबरोबर कधीच येत नाही, बोलणाऱ्याचं कौतुक त्यात आहे की नापसंती, हे सगळं यादीतल्या एका ओळीत मावत नाही. आणि जीआरई आज नेमकं हेच तपासते.

तुमच्या यादीत हे पाच शब्द बहुतेक असतीलच: मिटिगेट, अ‍ॅलिव्हिएट, कर्टेल, अबेट, डिमिनिश. पाचांसमोर 'कमी करणे' किंवा 'कमी होणे' असं लिहिलेलं असणार. अर्थ चुकीचा नाही. पण तेवढ्यावर विसंबून विद्यार्थी 'प्लीज मिटिगेट द व्हॉल्यूम ऑफ द टीव्ही' असं लिहितात, आणि त्यात काय बिघडलं ते त्यांना कळत नाही, कारण मराठी अर्थ तर चपखल बसतो.

जरा आपल्या भाषेकडे पाहा. पूर ओसरतो. ताप उतरतो. वेदना शमतात. राग निवळतो. खर्चाला कात्री लागते. सगळीकडे काहीतरी कमीच होतंय, तरी 'खर्च शमला' किंवा 'पुराला कात्री लागली' असं म्हटलं की कानाला खटकतं. हे तुम्हाला कुणी व्याख्या देऊन शिकवलं नाही. घरात, शाळेत, बातम्यांत ऐकून ऐकून ते अंगात मुरलं. इंग्रजीचं असं कानावर पडणं आपल्याला मिळालेलं नाही, म्हणून ते मुद्दाम घडवावं लागतं. उदाहरण वाक्यांचं खरं काम हे आहे.

आता तेच पाच शब्द इंग्रजीत कसे वागतात ते बघू. 'मिटिगेट'च्या पुढे बहुतेक वेळा नुकसानीचं काहीतरी येतं: रिस्क, इम्पॅक्ट, इफेक्ट्स, डॅमेज. संकट टळत नाही, त्याची झळ कमी होते. दुष्काळ पडणारच असेल, पण टँकर आणि चारा छावण्या आधीच उभ्या केल्या, तर तिथे 'मिटिगेट' शोभतो. कोर्टाच्या बातम्यांत 'मिटिगेटिंग सर्कम्स्टन्सेस' असतात: गुन्हा तोच, पण शिक्षा सौम्य व्हावी अशी परिस्थिती. सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या बच्चनसिंग निकालात फाशी द्यायची की नाही हे ठरवताना 'अ‍ॅग्रॅव्हेटिंग' आणि 'मिटिगेटिंग' अशा दोन्ही बाजू तोलायला सांगितलं. तेव्हापासून फाशीच्या खटल्यांच्या इंग्रजी बातम्यांत ही जोडी सतत भेटते. ती एकदा मनात बसली की 'मिटिगेट'चा विरुद्धार्थी 'अ‍ॅग्रॅव्हेट' वेगळा पाठ करावा लागत नाही.

'अ‍ॅलिव्हिएट' भोगणाऱ्याच्या बाजूचा आहे. पेन, सफरिंग, पॉव्हर्टी, सिम्प्टम्स, बर्डन. सोसणाऱ्याला हलकं वाटलं पाहिजे. सरकारी कागदांत 'पॉव्हर्टी अ‍ॅलिव्हिएशन' वाचलं असेल, तो हाच. 'कर्टेल' करणारा सहसा अधिकार असलेला असतो आणि कापलं जातं ते कुणाच्या तरी हातातलं: फ्रीडम, राइट्स, पॉवर्स, स्पेंडिंग. त्यात हिरावून घेतल्याची छटा पुष्कळदा असते. 'अबेट' मात्र बहुतेक वेळा आपला आपण होतो, म्हणजे वाक्याचा कर्ता वादळ, वारा किंवा राग असतो. 'द स्टॉर्म अबेटेड.' त्याचं 'अनअबेटेड' हे रूप तर वर्तमानपत्रांत फार चालतं: हिंसाचार, पाऊस, मागणी, काहीही 'कंटिन्यूड अनअबेटेड'. आणि 'डिमिनिश' सगळ्यांत सर्वसाधारण. महत्त्व, मूल्य, संख्या घटते तिथे तो येतो. इंजिनिअरिंगला अर्थशास्त्राचा एखादा विषय असेल तर 'डिमिनिशिंग रिटर्न्स' तुम्ही आधीच शिकलायत.

हे सगळं जीआरईत कुठे लागतं? 'सेंटेन्स इक्विव्हॅलन्स' या प्रश्नप्रकारात एकच गाळलेली जागा, सहा पर्याय, आणि त्यांतले दोन निवडायचे असतात. दोन्ही शब्द जागेत बसले पाहिजेत आणि दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच झाला पाहिजे. एक बरोबर, एक चूक असेल तर निम्मे गुण मिळत नाहीत. मी वर्गात देते तसं एक वाक्य घ्या: 'दो मेंट टु रिअश्युअर, द मिनिस्टर्स स्पीच डिड लिटल टु डॅश द व्हिलेजर्स फिअर्स.' 'डॅश' ही गाळलेली जागा. पर्यायांत कर्टेल, अ‍ॅब्रिज, अले आणि अस्वेज आहेत. उरलेले दोन सध्या बाजूला ठेवू. पाठांतर करून आलेला विद्यार्थी आधी समानार्थी जोडी शोधतो. त्याला कर्टेल-अ‍ॅब्रिज दिसते, दोन्हींचा अर्थ 'कमी करणे', भीती कमी करायची आहे, म्हणून तो तिथेच खूण करून पुढे जातो. पण कर्टेल आणि अ‍ॅब्रिज हक्कांवर, अधिकारांवर चालतात. भीतीवर चालतात ते अले आणि अस्वेज. तुम्हाला चारही शब्दांचे अर्थ येत असतील आणि तरीही गुण जाईल. तुम्ही ज्या अडचणीविषयी लिहिलंय ती हीच.

यादीची ही पद्धत आली कुठून, हेही सांगते, म्हणजे सल्ला देणाऱ्या सीनियर मंडळींवर उगाच राग नको. ऑगस्ट २०११ पूर्वीच्या जीआरईत विरुद्धार्थी शब्दांचे आणि 'अ‍ॅनॅलॉजी'चे, म्हणजे शब्दांच्या जोडीतलं नातं ओळखायचे, प्रश्न असत. शब्द सुटा विचारला जायचा आणि सुट्या अर्थाने उत्तर निघायचं, त्यामुळे तेव्हा याद्या घोकण्याचा खरोखर फायदा होता. २०११ मध्ये ते दोन्ही प्रकार गेले आणि शब्द वाक्यातच विचारला जाऊ लागला. परीक्षा बदलली, याद्या तशाच हातोहात फिरत राहिल्या.

अर्थात कोणत्या परीक्षेसाठी चाललंय यावर पुष्कळ अवलंबून आहे. हे वाचणारा कुणी बँकेच्या परीक्षेची तयारी करत असेल आणि तिथे समानार्थी-विरुद्धार्थी सुटे विचारत असतील, तर यादीला अजून किंमत आहे. आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे लेखनाच्या चार निकषांपैकी एक शब्दसंपत्तीचा आहे, म्हणजे लेखनाच्या गुणांचा चौथा हिस्सा त्यावर, आणि चुकीच्या जागी घातलेला भारदस्त शब्द तिथे नुकसानच करतो. जीआरईसाठी मुख्य गरज शब्द वाक्यात ओळखण्याची आहे, स्वतः वापरण्याची थोडी कमी, कारण निबंध एकच आहे. पण दोन वर्षांनी तुम्हाला परदेशी विद्यापीठात रिपोर्ट आणि थीसिस लिहायचा असेल, म्हणून मी दोन्ही डोळ्यांसमोर ठेवून लिहितेय.

आता व्याख्या मराठीत की इंग्रजीत. 'इंग्रजी इंग्रजीतूनच शिकायचं' असा हट्ट मी धरत नाही. 'ड्रॉट' म्हणजे दुष्काळ, 'इरिगेशन' म्हणजे सिंचन. इथे इंग्रजी व्याख्या वाचण्यात वेळ का घालवायचा? मराठी शब्द नेमका असेल तर तोच लिहा. कधीकधी मराठी इंग्रजी व्याख्येपेक्षा लवकर काम करते. 'फ्रूगल' आणि 'स्टिंजी' या दोघांसमोर यादीवाले 'कमी खर्च करणारा' असं लिहून मोकळे होतात. पण आपल्याकडे काटकसरी आणि कंजूष हे दोन वेगळे शब्द आहेतच! आजी काटकसरी असते आणि भाडेकरूला बल्ब बदलून न देणारा घरमालक कंजूष असतो, हे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. 'फ्रूगल' काटकसरी, 'स्टिंजी' कंजूष, झालं. खरा दोष यादीतल्या ढोबळ मराठीचा आहे.

क्रियापदं आणि अमूर्त विशेषणं आली की मात्र मराठी अर्थावर थांबू नका. तिथे चांगल्या शब्दकोशातली इंग्रजी व्याख्या वाचाच, आणि तो शब्दकोश शिकणाऱ्यांसाठी केलेला असू द्या. मोठे शब्दकोश इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी असतात. त्यात एका अवघड शब्दाचा अर्थ दुसऱ्या दोन अवघड शब्दांत दिलेला असतो, आणि आपण एकातून दुसऱ्यात भटकत राहतो. ही अडचण ज्यांनी आधी ओळखली त्यांत मायकेल वेस्ट होते. ते ढाक्यात बंगाली मुलांना शिकवत होते. १९३५ साली त्यांनी असा कोश काढला की त्यातल्या सुमारे २४ हजार नोंदींचे अर्थ फक्त १,४९० सोप्या शब्दांत दिलेले होते. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये शिकवत होते; त्यांचा कोश १९४२ मध्ये तिथेच निघाला, आणि आज आपण ऑक्सफर्डचा 'अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स' म्हणतो तो त्याचाच वंशज. १९७८ च्या लाँगमनने सुमारे दोन हजार शब्दांतच सगळ्या व्याख्या करायचं ठरवलं. म्हणजे परक्या मुलांना शिकवता शिकवता शिक्षकांनीच हे कोश घडवले आहेत. ते आपल्यासाठीच आहेत, आणि बहुतेक आता मोबाइलवर फुकट बघता येतात.

मला स्वतःला त्यातला कोबिल्ड फार आवडतो. जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली बर्मिंगहॅम विद्यापीठात तो तयार झाला आणि १९८७ मध्ये आला. खऱ्याखुऱ्या छापील आणि बोललेल्या इंग्रजीचा मोठा साठा संगणकात भरून, त्यावरून त्यांनी नोंदी केल्या. त्याची व्याख्या पूर्ण वाक्यात असते: अमुक माणूस अमुक गोष्ट 'कर्टेल' करतो म्हणजे काय करतो, अशा धाटणीची. कर्ता कोण आणि कर्म काय, हे व्याख्येतच कळून जातं. मराठी माध्यमाच्या मुलांना ही धाटणी पटकन लागू पडते.

व्याख्या पाठ मात्र करू नका. ती वाचताना तीन गोष्टी शोधा. क्रियापद असेल तर त्याच्या पुढे कशा प्रकारची वस्तू येते. विशेषण असेल तर ते माणसाला लागतं, कामाला लागतं की परिस्थितीला. आणि व्याख्येच्या आधी 'फॉर्मल', 'लिटररी', 'डिसअप्रूव्हिंग' अशी बारीक चिठ्ठी चिकटवलेली आहे का. ही चिठ्ठी बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि जीआरईचा अर्धा खेळ तिच्यावर चालतो. 'नोटोरियस' म्हणजे प्रसिद्ध, पण वाईट गोष्टीसाठी. ती छटा सुटली की अख्ख्या उताऱ्यात लेखक बाजूने बोलतोय की विरुद्ध, हेच उलटं कळतं. मग कोश बंद करा आणि आपल्या साध्या इंग्रजीत, मोडकंतोडकं का होईना, शब्दाचा अर्थ मोठ्याने सांगा. सांगता आला तर व्याख्या समजली.

आता उदाहरण वाक्यं. हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि बाजारातल्या याद्या इथेच सगळ्यांत जास्त फसवतात. 'मेटिक्युलस' या शब्दाला पुष्कळ ठिकाणी 'ही इज अ व्हेरी मेटिक्युलस मॅन' असं वाक्य दिलेलं असतं. त्यातला 'मेटिक्युलस' बोटाने झाका. आता तिथे हॅपी, टॉल, लेझी, रिच काहीही चालेल. म्हणजे या वाक्याने शब्दाबद्दल काहीच सांगितलं नाही. याउलट हे घ्या: 'शी केप्ट मेटिक्युलस रेकॉर्ड्स ऑफ एव्हरी पेमेंट, राइट डाउन टु द बस टिकेट्स.' पुन्हा शब्द झाका. बसच्या तिकिटापर्यंत प्रत्येक पैशाची नोंद ठेवणारी बाई, म्हणजे तिथे अत्यंत काटेकोर अशाच अर्थाचा शब्द हवा. शिवाय 'मेटिक्युलस' माणसापेक्षा त्याच्या कामाला, नोंदींना, नियोजनाला पुष्कळदा लागतो, हेही हळूच कळलं. ही झाकून बघायची चाचणी यादीतल्या प्रत्येक वाक्याला लावा. नापास होणारं वाक्य वहीत उतरवूच नका.

एका शब्दाला किती वाक्यं? माझं उत्तर तीन, आणि तिन्ही वेगवेगळ्या जातीची. पहिलं शिकणाऱ्यांच्या कोशातलं, साधं, छोटं. दुसरं खऱ्या लिखाणातलं: वर्तमानपत्राचा अग्रलेख, विज्ञानविषयक लेख, तुमच्या विषयातला शोधनिबंध. ते आपोआप समोर येण्याची वाट बघायची नसेल तर 'स्केल' (SkELL) नावाचं मोफत संकेतस्थळ आहे, स्केच इंजिनवाल्यांचं. शब्द टाकला की खऱ्या लिखाणातली वाक्यं येतात आणि 'वर्ड स्केच'मध्ये त्या शब्दाच्या संगतीला नेहमी येणारे शब्द एकत्र दिसतात. 'मिटिगेट' टाकून बघा. मी वर जे सांगितलं ते तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येईल, आणि तसं पडताळलेलं जास्त टिकतं. एआयकडून वाक्यं लिहून घेतलीत तर त्यांनाही झाकण्याची चाचणी लावल्याशिवाय घेऊ नका.

तिसरं वाक्य तुमचं स्वतःचं, तुमच्या आयुष्यातलं. ते शेवटी लिहा, पहिली दोन वाचून एखादा दिवस गेल्यावर. लगेच लिहिलं तर कोशातल्या वाक्यात फक्त नावं बदलली जातात. आणि ते तपासल्याशिवाय ठेवू नका, कारण चुकीचं वाक्य स्वतःचं असल्यामुळे पक्कं बसतं. माझ्या एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं, 'माय स्कॉलरशिप मिटिगेटेड माय फीज.' तिला म्हटलं, फीच्या ऐवजी फीचा भार म्हणून बघ. मग 'द स्कॉलरशिप अ‍ॅलिव्हिएटेड द बर्डन ऑफ फीज ऑन माय फॅमिली' असं झालं. नुसता शब्द बदलून भागलं नाही, पुढचं नामही बदलावं लागलं. तपासायला शिक्षक नसेल तर क्रियापद आणि नाम ही जोडी स्केलवर शोधा. तशी वाक्यं भराभर आली तर ठीक. एकही आलं नाही तर काहीतरी बिनसलंय.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: नेमका मराठी शब्द असेल तिथे मराठी, बाकी ठिकाणी सोप्या कोशातली इंग्रजी व्याख्या, झाकण्याच्या चाचणीत पास झालेली दोन वाक्यं आणि तिसरं तपासलेलं स्वतःचं.

आता हे लक्षात कसं राहील? यादी वरून खाली वाचणं म्हणजे उजळणी, असं आपल्याला शाळेपासून वाटतं. हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरलं जातं, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी, पुढच्या हळूहळू लांबवता येतात. आणि उजळणी म्हणजे वाचणं नव्हे, आठवणं. २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात कार्पिक आणि रोडिगर यांचा प्रयोग आला. विद्यार्थ्यांना स्वाहिली शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ अशा ४० जोड्या दिल्या होत्या. एकदा आठवलेली जोडीसुद्धा जे पुन्हा पुन्हा स्वतःला विचारत राहिले त्यांना आठवड्याने सुमारे ८० टक्के जोड्या आठवल्या. एकदा जमल्यावर विचारणं थांबवून ज्यांनी ती फक्त वाचली त्यांना साधारण एक तृतीयांश. वेळ दोघांनीही दिला होता.

त्यामुळे कार्ड करा, कागदाचं किंवा अँकी या उजळणीच्या अ‍ॅपवरचं; अँकी संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे. पण कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द आणि मागे मराठी अर्थ असं करू नका, त्याने पुन्हा यादीच तयार होते. पुढे गाळलेल्या जागेचं वाक्य लिहा, हवं तर शब्दाचं पहिलं अक्षर द्या. मागे शब्द, व्याख्येतला गाभा आणि दोन-तीन सोबती नामं. म्हणजे सराव आणि परीक्षा यांचं रूप एकच राहतं. कार्ड उलटण्याआधी शब्द तोंडाने म्हणा, आणि उच्चार कोशातल्या स्पीकरचं बटण दाबून ऐकलेला असू द्या. देवनागरीत उच्चार लिहून ठेवणारे बरेच असतात. त्यात आघात कुठे द्यायचा ते कळत नाही.

रोज किती शब्द, याचं ठाम उत्तर नाही. नोकरी सांभाळून करत असाल तर पाच ते आठ नवे शब्द पुरेत. पूर्ण वेळ हातात असेल तर दहा-बारा. जास्त घेतले की पंधरवड्यात जुन्यांची उजळणीच इतकी साचते की नव्यांना आणि जुन्यांना, दोघांनाही वेळ पुरत नाही. एक गोष्ट मात्र नक्की टाळा: समान अर्थाचे पाच नवे शब्द एकाच दिवशी घेऊ नका. त्यांची सरमिसळ होते आणि ती नंतर सुटत नाही. मी वर पाच शब्द शेजारी मांडले ते तुम्हाला ते आधीच माहीत आहेत म्हणून. नवे असताना एकेक शिका, पक्के झाले की मग शेजारी ठेवून फरक बघा.

धातू आणि उपसर्ग यांच्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी कुणीतरी सांगेलच, म्हणून लिहिते. संस्कृतमध्ये एकाच 'हृ' धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार होतात हे शाळेत शिकलेलं आठवत असेल. लॅटिनमधून आलेल्या 'ड्यूस'चं तसंच: इंड्यूस, डिड्यूस, रिड्यूस, प्रोड्यूस. शब्द भेटल्यावर तो लक्षात ठेवायला याचा छान उपयोग होतो. पण 'हृ' म्हणजे नेणे हे माहीत असलं म्हणून आहार म्हणजे जेवण हे कुणाला ओळखता येत नाही. अनोळखी शब्दाचा अर्थ नुसत्या धातूवरून काढून उत्तर लिहू नका.

आणखी एक, आणि हे कदाचित तुमच्या बाबतीत सगळ्यांत आधी तपासायला हवं. हजार 'अ‍ॅडव्हान्स्ड' शब्द पाठ असलेल्या मुलांचे मधल्या पायरीचे शब्द बऱ्याचदा कच्चे असतात. पॉल नेशन यांच्या २००६ मधल्या हिशेबानुसार, साधारण इंग्रजी पुस्तकातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असायला आठ ते नऊ हजार शब्दकुळं यावी लागतात. एक शब्दकूळ म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपं. पाठ केलेले हजार दुर्मिळ शब्द त्या मधल्या हजारोंची भरपाई करू शकत नाहीत. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय लिखाणातली ५७० शब्दकुळं निवडून 'अकॅडेमिक वर्ड लिस्ट' केली. त्यांच्या साठ्यातल्या अशा लिखाणाचा सुमारे दहावा हिस्सा एवढ्याच शब्दांनी व्यापला होता. त्यात 'इन्हेरंट', 'आर्बिट्ररी', 'कोहेरंट' आहेत, आणि 'अल्बीट', 'नॉटविदस्टँडिंग' हेही आहेत.

शेवटच्या दोघांकडे बघून 'हे काय, वाक्यं जोडणारे शब्द तर आहेत' असं म्हणू नका. गाळलेल्या जागेच्या वाक्यात उत्तराची दिशा हेच ठरवतात. वरच्याच प्रश्नात 'दो मेंट टु रिअश्युअर' आणि 'डिड लिटल टु' यांच्यावरून पुढचं सगळं कळलं. 'एनिथिंग बट सिंपल' म्हणजे अजिबात सोपं नाही. 'इफ एनिथिंग' आलं की पुढे उलट दिशेचं काहीतरी येणार. 'हार्डली' म्हणजे जवळजवळ नाहीच. जीआरईच्या सरावातल्या चुका तपासताना मला दिसतं की कित्येकदा सहाही पर्याय मुलाला येत असतात, पण वाक्य कुठे वळलं ते त्याच्या लक्षात आलेलं नसतं. तुमचे चुकलेले शेवटचे वीस-पंचवीस प्रश्न काढा आणि प्रत्येकासमोर लिहा: पर्यायातला शब्द माहीत नव्हता, माहीत होता पण बसवता आला नाही, की वाक्यच कळलं नाही. तिसऱ्या प्रकारच्या चुका जास्त निघाल्या तर काही आठवडे नवे शब्द बंद ठेवा, ५७० कुळं आणि हे जोडणारे शब्दप्रयोग आधी करा, आणि रोज एक अग्रलेख प्रत्येक 'बट', 'दो', 'यट' खाली रेघ मारत वाचा.

आता तुमच्या यादीचं. ती टाकू नका. दोनदा पाठ केलीत, तो कष्टाचा पैसा आहे. बसून तिचे तीन भाग करा. पहिल्यात ते शब्द जे तुम्हाला अग्रलेखात, पाठ्यपुस्तकात किंवा सराव परीक्षांत एकदा तरी भेटलेत. कार्डं आधी यांची करा, रोजच्या पाच-आठमधून. दुसऱ्यात जे फक्त यादीत पाहिलेत पण कोशात ज्यांना 'फॉर्मल' अशी चिठ्ठी आहे आणि खऱ्या लिखाणातली वाक्यं सहज सापडतात. पहिला भाग संपला की हे. तिसऱ्यात 'पुसिलॅनिमस'सारखे, जे खऱ्या लिखाणात क्वचितच भेटतात. त्यांचा तुम्हाला पाठ आहे तेवढा अर्थ पुरे. त्यांची कार्डं करू नका. परीक्षेला महिना उरला की नवे शब्द थांबवा, आणि तो महिना पूर्ण वाक्यांच्या सरावाला आणि साचलेल्या कार्डांना द्या.